गुडसेल वेधशाळेत नातीला न्यावे का?

मिनेसोटात मुलाकडे मुक्कामाला येणार असताना नातीला नॉर्थफील्डच्या कार्लटन कॉलेजमधील गुडसेल वेधशाळेत न्यावे का आणि इतक्या जुन्या दुर्बिणीतून तिला काय दिसेल, असे आपण विचारले आहे. अवश्य न्यावे. मात्र छायाचित्रांतले रंगीबेरंगी तेजोमेघ तसेच दिसतील, अशी तिची समजूत होऊ देऊ नये. मृगातला तेजोमेघसुद्धा डोळ्यांना राखाडी धुक्यासारखाच दिसतो.

ही इमारत १८८७ सालची आहे. प्राध्यापक विल्यम पेन यांच्या काळात येथे ताऱ्यांचे वेध घेऊन अचूक वेळ ठरवली जाई आणि ती तारायंत्राने रेल्वे कंपन्यांना कळवली जाई. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्येही त्याच सुमारास, १८८८ साली, कावसजी नायगमवाला यांची वेधशाळा उभी राहिली होती; पण १९१२ मध्ये ती बंद होऊन तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. गुडसेलची जॉन ब्रॅशियर यांनी घडवलेली सोळा इंची दुर्बीण मात्र आजही आपल्या मूळ घुमटाखालीच आहे आणि सामान्य माणसाला तिला डोळा लावता येतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

शनी आकाशात असेल तर तो आधी पाहावा. सुरुवातीला बिंब थरथरताना दिसेल, कारण प्रकाश हलत्या हवेतून येतो; तरी घाई न करता डोळा तसाच ठेवला, तर हवा क्षणभर स्थिर होताच कडी रेखीव दिसतात आणि कधी कधी त्यांच्यातली कॅसिनीची काळी फटही स्पष्ट होते. तेजस्वी ग्रहाभोवती किंचित जांभळी झाक दिसेल. जुन्या भिंगांच्या जोडीत सगळे रंग नेमके एकाच ठिकाणी एकवटत नाहीत, म्हणून ती येते.

आकाशदर्शन महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असते. जूनमध्ये सूर्यच नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे लहान मुलांना ताटकळावे लागते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, पण घुमट तापवता येत नाही, कारण आतली ऊब वर जाऊ लागली की प्रतिमा बिघडते. तेव्हा जाडजूड कपडे हवेतच. माझ्या मते ऑक्टोबर सर्वांत सोयीचा. ढग असले तर मात्र इलाज नाही, म्हणून मुक्कामात दोन महिन्यांचे पहिले शुक्रवार येतील, असे पाहूनच तिकिटे काढावीत.