जर्मनीत मेकॅनिकलच्या मास्टर्सचा अर्ज स्वतः भरता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुणे विद्यापीठातून मेकॅनिकलचं बी.ई., शेवटचं वर्ष चालू, सीजीपीए ७.६, जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्स करायचंय आणि कन्सल्टंट दीड लाख मागतोय. ते द्यावेत की अर्ज स्वतः भरावा?

स्वतः भरा. या अर्जातलं सगळ्यात अवघड काम तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. चार वर्षांत तुम्ही नेमकं काय शिकलात, ते जर्मन प्राध्यापकाला विषयवार दाखवून द्यायचं असतं. कन्सल्टंटच्या ऑफिसात बसलेल्या मुलाला तुमच्या मेकाट्रॉनिक्सच्या तिसऱ्या युनिटमध्ये काय होतं हे कुठून माहीत असणार?

मी याच विद्यापीठातून २०१९ साली बी.ई. झाले. नगर जिल्ह्यातलं साधं कॉलेज. दोन वर्षं चाकणला नोकरी केली आणि २०२१ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइगला मास्टर्ससाठी आले. त्याआधी २०२० मध्ये तीन ठिकाणांहून नकार आले होते. त्यातल्या एका पत्रात कारण स्वच्छ लिहिलं होतं: गणित आणि कंट्रोल या विषयांची पूर्वतयारी अपुरी. मला फार लागलं ते. एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, माझे वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. नंतर शांतपणे माझा अर्ज पुन्हा उघडून पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी बरोबरच वाचलं होतं. मी लिहिलंच नव्हतं. आपला कुठला विषय त्यांच्या कुठल्या विषयाशी जुळतो ते दाखवायच्या तक्त्यात प्रत्येकापुढे एकेक शब्द टाकून मोकळी झाले होते आणि सगळा जीव स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ या निबंधात ओतला होता.

तिथे उलटं चालतं. बहुतेक तांत्रिक विद्यापीठं आधी बघतात की तुमची पदवी त्यांच्या स्वतःच्या बॅचलरशी कितपत जुळते. त्यांचा बॅचलर बहुधा १८० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात घरचा अभ्यासही आला. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेश-नियमावलीत गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोचे इतके असं लिहिलेलं असतं. ती नियमावली बरेचदा फक्त जर्मनमध्ये असते. भाषांतराचं साधन वापरा, पण ती वाचल्याशिवाय अर्जाचं पानही उघडू नका.

आता खरी मेख. त्यांच्याकडे ‘टेक्निशे मेखानिक’ नावाचा विषय दोन-तीन भागांत शिकवतात: पहिल्यात स्टॅटिक्स, दुसऱ्यात आपल्याकडचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, तिसऱ्यात डायनॅमिक्स. आपली मुलं त्यासमोर एफ.ई.चं (पहिल्या वर्षाचं) इंजिनिअरिंग मेकॅनिक्स लिहितात आणि थांबतात. मग क्रेडिट निम्मेही भरत नाहीत. तिथे तुमचं सॉलिड मेकॅनिक्स लावायचं, आमच्या वेळी त्यालाच एसओएम म्हणत, आणि कायनेमॅटिक्स ऑफ मशिनरीमधला जो भाग बसतो तोही लावायचा. गणितासमोर एम-वन, एम-टू, एम-थ्री तर हवेतच, शिवाय टी.ई.चं (तिसऱ्या वर्षाचं) न्यूमेरिकल अँड स्टॅटिस्टिकल मेथड्सही. आमच्या वेळचा न्यूमेरिकलचा विषय मी तक्त्यात लिहिलाच नव्हता, कारण नावात मॅथेमॅटिक्स हा शब्द नाही.

कंट्रोलचं, म्हणजे यंत्रणा आपोआप नियंत्रित करण्याच्या विषयाचं, दुखणं याहून मोठं. आपल्या मेकॅनिकलला त्या नावाचा सक्तीचा विषयच नाही. पण मेकाट्रॉनिक्समध्ये ट्रान्स्फर फंक्शन, ब्लॉक डायग्राम, पीआयडी हे सगळं असतं. तेव्हा तक्त्यात नुसतं ‘मेकाट्रॉनिक्स’ लिहून चालणार नाही. कुठल्या युनिटमध्ये काय, त्याला किती तास, कुठलं प्रॅक्टिकल केलं, कुठलं पुस्तक नेमलं होतं, हे चार ओळींत लिहा. विद्यापीठाच्या सिलॅबसच्या पीडीएफमधला पान क्रमांकही द्या, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागणार नाही. क्रेडिटसोबत तासही लिहायचे, कारण भारतीय क्रेडिटचं ईसीटीएसमध्ये रूपांतर सगळीकडे एकाच पद्धतीने करत नाहीत. दुसऱ्या वेळी मी हा तक्ता करायला तीन आठवडे घेतले, रोज कंपनीतून आल्यावर दोन तास. स्टेटमेंट एका रविवारी लिहून झालं, एकच पान. प्रवेश मिळाला.

यात खोटेपणा मात्र अजिबात नको. जे शिकला नाहीत ते लिहू नका. काही क्रेडिट कमी पडत असतील तर कित्येक विद्यापीठं अटीवर प्रवेश देतात आणि ते विषय पहिल्या वर्षात पूर्ण करायला सांगतात.

तुमच्या ७.६ बद्दल. जर्मनीत १.० सगळ्यात चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. रूपांतराचं सूत्र सोपं आहे: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. उत्तीर्ण होण्याचा किमान पॉइंट ४ धरला तर तुमचे २.२ येतात. तोच ५ धरला तर २.४ च्या थोडं वर जाता. बऱ्याच ठिकाणी २.५ ची रेघ असते, त्यामुळे हा फरक लहान नाही. किमान उत्तीर्ण ग्रेड किती हे मार्कशीटच्या मागे किंवा ट्रान्स्क्रिप्टवर छापलेलं आहे ना, ते बघा. नसेल तर विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

कागदपत्रांत पहिलं एपीएस. माझ्या वेळी ते नव्हतं, पण गेल्या वर्षी मावसभावाचा सगळा अर्ज आम्ही दोघांनी मिळून केला तेव्हा त्यातून गेले. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, आणि बरीच विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. दिल्लीतलं एपीएसचं कार्यालय तुमची कागदपत्रं तपासतं, शुल्क १८,००० रुपये. वेळ लागतो, कधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. म्हणून हे सगळ्यात आधी.

दुसरं, युनि-असिस्ट. ही बर्लिनची संस्था बऱ्याच विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्ज तपासते. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. काही विद्यापीठं अर्ज थेट घेतात. म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ अर्ज स्वतःकडे घेतं, पण युनि-असिस्टकडून व्हीपीडी नावाचा तपासणी-दाखला आणायला लावतं.

तारखांमध्ये फार जण फसतात. इंटरनेटवर सगळीकडे १५ जुलै लिहिलेलं सापडतं, पण ऑक्टोबरच्या सत्रासाठी आखेनचं तांत्रिक विद्यापीठ युरोपबाहेरच्यांचे अर्ज १ मार्चपर्यंतच घेतं, आणि इतरही कित्येक ठिकाणी परदेशी अर्जदारांची मुदत आधीची असते. आखेनसारख्या ठिकाणी काही अभ्यासक्रमांना जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते, बाकी फारशी कुठे विचारत नाहीत. इंग्रजीसाठी आयईएलटीएस ६.५ असलं की बहुतेक दारं उघडतात.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह दोन्हीकडे, युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो लावलेत. ब्राउनश्वाइग, हानोफर, डार्मश्टाट, ड्रेस्डेन या ठिकाणी नेहमीच्या मास्टर्सला अजूनही फक्त सत्राचं अंशदान भरायचं, काही शे युरो, आणि त्यातच बस-ट्रेनचा पास येतो. घरच्यांची परिस्थिती बेताची असेल तर मी हीच नावं आधी घेईन. शिक्षणाच्या दर्जात तुम्ही काही गमावत नाही.

राहण्याच्या खर्चासाठी व्हिसाच्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे रुपयांत दहा लाखांच्या वर. हा पैसा तुमचाच राहतो आणि इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो असा परत मिळतो, पण जमवावा तर लागतोच. वडिलांशी हे आजच बोला. कर्ज काढायचं असेल तर बँकेच्या फेऱ्यांना ऑफर लेटरनंतर उरलेला वेळ पुरत नाही. माझ्या घरी हे बोलणं उशिरा झालं आणि बाबांना फार धावपळ करावी लागली, ते मला अजून टोचतं.

आता कन्सल्टंटबद्दल. सगळे वाईट नसतात. पण तुमच्यापुढे ठेवलेल्या यादीत खाजगी विद्यापीठांची नावं जास्त असतील तर सावध व्हा. तिथे फी मोठी असते आणि विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन मिळू शकतं. यादीतलं प्रत्येक नाव डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या अभ्यासक्रम-शोधात टाकून बघा. ती सोय मोफत आहे, आणि फी, भाषा, मुदत तिथे एकत्र दिसते.

शिफारसपत्र ज्यांनी तुमचं प्रोजेक्ट खरोखर पाहिलंय त्या सरांकडून घ्या, मग ते एच.ओ.डी. नसले तरी चालतील. आणि जर्मन शिका. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कामाच्या जागी जेवणाच्या टेबलावर जर्मनच चालते. शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि मास्टर्सनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. माझ्या बरोबरीच्या ज्यांनी बी-वनपर्यंतची, म्हणजे मध्यम पातळीपर्यंतची भाषा पुण्यातच करून ठेवली होती, त्यांना हे दोन्ही खूप सोपं गेलं.

या आठवड्यात दोनच कामं करा: विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज टाका आणि चारही वर्षांचे सिलॅबस डाउनलोड करून तक्ता सुरू करा. गणित आणि कंट्रोलच्या ओळी झाल्या की मला पाठवा. मी रविवारी बसून नीट वाचेन.