फ्रीटाइपने छापताना 'मिरची'ची 'मरिची' का होते?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण ही 'मरिची' मीसुद्धा छापली आहे. 58 मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरला देवनागरी येत नाही, म्हणून तुम्ही फ्रीटाइपने (फॉन्टमधली अक्षरं चित्रात उतरवणारी लायब्ररी) एकेका अक्षराचा बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं चित्र, काढून पाठवताय. पण वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, 'खर्च'मधला रफार गायब होऊन पाय मोडलेला र दिसतो आणि काही अक्षरं तिरकी होतात. मी हे एका आडत्याच्या हिशेबपट्टीसाठी केलं होतं. पहिली पट्टी बघून तो म्हणाला, "हे वाचायचं कुणी?"

फॉन्ट बदलून काही होणार नाही. फ्रीटाइपला फक्त ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधला एकेक आकार, काढता येतो. कोणता ग्लिफ, कुठे, कोणाच्या आधी, हे त्याचं काम नाही. युनिकोडमध्ये 'मि' म्हणजे आधी म, मग वेलांटी. तुम्ही एफटी_लोड_चार (युनिकोड क्रमांकावरून ग्लिफ आणणारं फंक्शन) त्याच क्रमाने चालवताय, म्हणून वेलांटी म नंतर उमटते आणि डोळा ती र ला लावतो. इंग्रजीत हे खपतं, आपल्याकडे नाही.

मधे हार्फबझ घाला; कोणता ग्लिफ कुठे बसवायचा हे ठरवणारी ही लायब्ररी. त्याला अख्खा शब्द द्या, लिपी देवनागरी आणि भाषा 'एमआर' सांगा. भाषा सांगायला विसरू नका: फॉन्टमध्ये मराठी ल आणि श असतील तर ते त्यामुळेच मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. हार्फबझ जे परत देतो ते ग्लिफचे क्रमांक असतात, युनिकोडचे नाहीत, म्हणून पुढे एफटी_लोड_ग्लिफ वापरायचं. मी घाईत लोड_चार तसंच ठेवलं होतं आणि पट्टीवर भलतीच चिन्हं आली.

'शेतकऱ्याचे' असे शब्द असतील तर डेटा तपासा. ऱ्य हा नुक्त्याच्या ऱ ने किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) असा लिहिलेला असतो. न दिसणारी चिन्हं 'साफ' करणारा कोड कुणी आधी लिहून ठेवला असेल, तर तो झेडडब्ल्यूजे खातो आणि 'शेतकर्याचे' छापून येतं.

आता तिरकेपणा. एक-बिट बिटमॅपमध्ये (एका ठिपक्याला एक बिट) ओळीची लांबी रुंदीवरून काढू नका, पिच वाचा, म्हणजे एका ओळीचे प्रत्यक्ष बाइट. ग्लिफ 20 पिक्सेल रुंद असेल तर 3 बाइट पुरायला हवेत, पण फ्रीटाइप ओळ दोन-दोन बाइटांनी भरतो, म्हणून पिच 4 येतो. तुम्ही 3 धरले की प्रत्येक ओळ सरकत जाते. ग्लिफ लोड करताना मोनो टार्गेटही द्या, म्हणजे थेट काळं-पांढरं चित्र मागा. आधी करडा बिटमॅप काढून मग काळं-पांढरं केलं तर बारीक आकारात शिरोरेखा कुरतडल्यासारखी दिसते.

शिरोरेखेनेच मला सर्वात छळलं. हार्फबझकडून ग्लिफमधली अंतरं पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात येतात. प्रत्येक ग्लिफनंतर 64 ने भागून पूर्णांक केला की दोन अक्षरांमध्ये एखाद्या ठिपक्याची फट पडते. बेरीज चौसष्टांशातच चालू ठेवा आणि ग्लिफ ठेवायच्या क्षणीच पूर्णांक करा. हार्फबझचा फ्रीटाइप जोड मुळात हिंटिंग (आकार पिक्सेलांच्या चौकटीत नीट बसवणं) बंद ठेवून मापं घेतो, म्हणून लोड करायचे फ्लॅग दोन्हीकडे सारखे द्या. फॉन्टचा आकार नंतर बदललात तर एचबी_एफटी_फॉन्ट_चेंज्ड बोलवा.

बिटमॅप कागदाच्या बफरमध्ये (छापायची ओळ जिथे जमते ती मेमरी) कॉपी करू नका, ऑर करा, म्हणजे आधीचे काळे ठिपके तसेच राहून नवे त्यात मिसळतात. देवनागरीत एकाची चौकट दुसऱ्यावर चढतेच आणि कॉपीत नव्या चौकटीची रिकामी जागा आधीच्या अक्षराचा तुकडा पुसून टाकते.

एवढं करून अख्खी ओळ एकदाच पाठवा. 58 मिलिमीटरच्या बहुतेक प्रिंटरांत ती 384 ठिपक्यांची असते. तरीही रफार आला नाही, तर तुमच्या हार्फबझला शब्द तुकड्यातुकड्यांनी मिळतोय का ते बघा. माझ्याकडे ओळ मोडणारा कोड 'खर्' आणि 'च' वेगळे करत होता.