वाचक विचारतात : शेजाऱ्याचा बोअर अन् माही विहीर

प्रश्न : आमच्या वरुड तालुक्यात सगळ्या संत्र्याच्या बागा. शेजाऱ्यानं आठशे फूट बोअर मारला अन् माही विहीर आटली. भूगर्भवाले साहेब मोजून गेले, मंग समाजशास्त्राच्या पोरी फॉर्म भरून गेल्या, पण आम्हाले कोणीच काही सांगितलं नाही. काय करावं? – एक संत्रा उत्पादक

उत्तर : भाऊ, तुमचा राग रास्त आहे, दोघांनी माहिती नेली पण ते एकमेकांशी बोलले नाहीत आणि तुमच्याशी तर नाहीच. आपल्याकडच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, अखंड दगडात जवळपास नाहीच. तुमच्या विहिरीला ज्या भेगेतून झरा होता तीच भेग बोअरनं कापली असेल तर वरचं पाणी सरळ खाली उतरतं, आणि खोलवरचं पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे, तरी बोअरच्या गाड्या रात्रंदिवस चालूच!

पण नुसतं शेजाऱ्याला बोलून काय होणार, त्याचीही बाग वाळत असणार, डोक्यावर कर्ज असणार. आंबिया बहर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरला की अख्खा उन्हाळा पाणी द्यावं लागतं, मृगाला, म्हणजे जून-जुलैच्या बहराला, पावसाचा आधार असतो. मग सगळे आंबियाच का धरतात, भाव, व्यापारी, कर्ज यातलं काय ढकलतं, आणि ज्यांच्याकडं विहीरच नाही त्यांनी प्यायचं पाणी कुठून आणायचं, हे दगड पाहून नाही कळत, ते त्या पोरींच्या फॉर्ममध्ये आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत, भूगर्भवाले साहेब आणि त्या पोरी, दोघांनाही ग्रामसभेत बोलवा आणि गावासमोर एकत्र बोलू द्या. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर बंद आहेत, पाऊस किती झाला त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून गाव पिकं ठरवतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तुमच्या भागाचे आकडे मागा. ऑक्टोबरचा आकडा तर बागा ताणावर सोडायच्या, म्हणजे बहरासाठी पाणी तोडायच्या, आधीच पंचायतीच्या भिंतीवर लिहा, म्हणजे यंदा आंबिया किती जणांनी धरायचा हे सगळ्यांसमोर ठरवता येईल, शेजारीही तिथंच बसलेला असेल.