तासगावचा बेदाणा आणि अडलेले संकलन

प्रश्न : मी सांगलीत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या भावाची तासगावजवळ बेदाणा शेड आहे. यंदाच्या हंगामात द्राक्षे द्रावणात बुडवण्यापासून बेदाणा पेटीत भरेपर्यंतचे सगळे काम मी मोबाइलवर टिपले आणि शेडमध्येच भावाची चाळीस मिनिटांची मुलाखतही घेतली. या साडेतीन तासांच्या चित्रीकरणातून दहा मिनिटांची फिल्म करून ती दिवाळीत घरच्या सर्वांना टीव्हीवर दाखवावी, एवढीच माझी हौस आहे. परंतु चार महिने झाले तरी काम पुढे सरकत नाही. आज केलेले काम उद्या उघडले की चित्रांच्या जागी लाल पाट्या दिसतात. मोबाइलवर सुरळीत चालणारे चित्र लॅपटॉपवर अडखळते. मुलाखतीच्या आरंभी ओठ आणि शब्द जुळतात, पण विसाव्या मिनिटापर्यंत शब्द मागे पडतात. मधला एक तुकडा काढला की पुढचे संगीत जागेवरून हलते. आधीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये ‘बेदाणा निर्मिती’ असे शीर्षक लिहिले, तर ‘नि’ची वेलांटी ‘न’च्या पलीकडे जाऊन पडली. एवढे सारे सांभाळूनही फिल्म बावीस मिनिटांच्या खाली येत नाही. द्रावणात क्रेट बुडवण्याचे एकच दृश्य एक मिनिट चाळीस सेकंदांचे आहे आणि त्यातले काय काढावे ते कळत नाही. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे. आतापर्यंत तीन सॉफ्टवेअर बदलली, सध्या केडेनलाइव्ह वापरते. ते पुन्हा बदलावे, की या वयात हा नाद सोडून द्यावा?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : नाद सोडू नये आणि सॉफ्टवेअरही बदलू नये. आपण सांगितलेल्या सहा अडचणींपैकी पहिल्या पाच अडचणींचा आपल्या वयाशी किंवा आकलनाशी काहीही संबंध नाही. त्या फाइलींच्या आणि सॉफ्टवेअरच्या अडचणी आहेत, त्यांची कारणे ठरलेली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आपल्या मागोमाग आल्या असत्या. सहावी अडचण मात्र खऱ्या संकलनाची आहे आणि ती आपल्याला जाणवते आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. कारण क्रेटच्या दृश्यातले काय काढावे हा प्रश्न ज्याला पडतो, त्याचे शिक्षण सुरू झालेले असते.

लाल पाट्यांपासून आरंभ करू. आपण जतन करतो त्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसतेच. हजेरीपटात मुलांची नावे असतात, मुले वर्गात बसलेली असतात. तसेच प्रोजेक्ट फाइलमध्ये कोणती क्लिप, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि तिच्यातला कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंतचा भाग घ्यायचा, एवढीच नोंद असते. क्लिप पेनड्राइव्हवर असेल आणि पेनड्राइव्ह काढून ठेवला असेल, किंवा घरातल्या कोणी फोल्डरचे नाव बदलले असेल, तर सॉफ्टवेअर नाव पुकारते आणि ‘हजर’ म्हणायला कोणी नसते. आपण लावलेला क्रम अशा वेळी पुसला जात नाही. सॉफ्टवेअर हरवलेल्या क्लिपांची यादी दाखवते, तिथे नवी जागा दाखवून दिली की सारे पूर्ववत होते. यापुढे लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर ‘बेदाणा’ नावाचे एकच फोल्डर करून चित्रे, आवाज, शीर्षके आणि प्रोजेक्ट फाइल त्याच्याच आत ठेवावी, काम सुरू झाल्यावर आतले एकही नाव बदलू नये आणि संपूर्ण फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. मोबाइलमधून क्लिप लॅपटॉपवर आणताना केबल वापरावी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यात गेलेली स्पष्टता पुन्हा मिळत नाही.

चित्र अडखळते ते लॅपटॉप बिघडल्यामुळे नव्हे. अलीकडचे बरेच मोबाइल जागा वाचवण्यासाठी एच.265 या पद्धतीने चित्र साठवतात. 2003 साली आलेल्या एच.264 नंतरची ही पद्धत 2013 मध्ये प्रमाणित झाली. दोन्हींमध्ये प्रत्येक चौकट (फ्रेम, म्हणजे चित्रीकरणातले एक स्थिर चित्र) पूर्ण साठवलेली नसते. ठरावीक अंतराने एक चौकट पूर्ण ठेवतात आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदलले तेवढे नोंदवतात. ओळीने पाहत गेलो तर यात काही अडत नाही, पण संकलन करणारा माणूस सारखा मागेपुढे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला लॅपटॉपला जवळच्या पूर्ण चौकटीपासून सगळी बेरीज-वजाबाकी करत यावे लागते. एच.265 मध्ये ही आकडेमोड आणखी जड असते. याला उपाय प्रॉक्सीचा. केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी सुरू केली की प्रत्येक क्लिपची एक हलकी, लहान प्रत तयार होते; कापाकापी त्या प्रतीवर होते आणि शेवटी फिल्म बाहेर काढताना मूळ क्लिप वापरली जाते, त्यामुळे दर्जा कमी होत नाही. साडेतीन तासांच्या क्लिपांच्या प्रती व्हायला आपल्या लॅपटॉपवर बराच वेळ लागेल, म्हणून हे काम रात्री लावून झोपावे. रंगकामासाठी नावाजलेले डाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळत असले, तरी ते 8 जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्द मागे पडण्याचे कारण पुष्कळ जाणकारांच्याही ध्यानात येत नाही. मोबाइल सेकंदाला तीस चौकटी टिपतो असे आपण म्हणतो, परंतु प्रकाश कमी झाला किंवा यंत्र तापले की तो मधूनच कमी चौकटी घेतो, आणि आपली मुलाखत तर शेडच्या सावलीत झालेली आहे. वीस मिनिटांत तीसच्या हिशेबाने 36,000 चौकटी व्हायला हव्यात. त्यातल्या अवघ्या पंधरा कमी पडल्या आणि सॉफ्टवेअरने मात्र तीसचाच हिशेब धरला, तर चित्र अर्धा सेकंद पुढे निघून जाते, आणि बोलणाऱ्याच्या ओठांवर अर्धा सेकंद लहान मुलालाही खटकतो. यासाठी मुलाखतीची क्लिप संकलनात घेण्यापूर्वी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून रूपांतरित करून घ्यावी. तिथे व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट 30 आणि प्रकार ‘कॉन्स्टंट’ असा निवडावा. केडेनलाइव्हच्या नव्या आवृत्त्या अशी क्लिप आत घेतानाच सूचना देतात आणि ती संकलनाला सोयीच्या रूपात बदलून घेऊ का, असे विचारतात. ती सूचना न वाचता बंद करण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. या वेळी ‘हो’ म्हणावे.

संगीत हलण्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. तुकडा काढण्याचे दोन प्रकार असतात : एकात तुकडा जातो आणि त्याची जागा रिकामी राहते, दुसऱ्यात रिकामी जागा मिटवण्यासाठी पुढचे सगळे मागे ओढले जाते. पूर्वी फितीवर काम होत असे तेव्हा दुसराच प्रकार आपोआप घडे. 35 मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात सोळा चौकटी आणि सेकंदाला चोवीस, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फीत. त्यातून चित्राचे तीन फूट कापून जोड दिला, तर आवाजाच्या वेगळ्या फितीतूनही नेमके तीन फूट काढावे लागत, नाही तर पुढचे सगळे बोलणे दोन सेकंदांनी चुके. आपल्या टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर, हा दुसरा प्रकारच घडतो आहे आणि चित्राबरोबर संगीतही मागे ओढले जाते. संगीताच्या ट्रॅकवर (ओळीवर) कुलपाचे चिन्ह आहे, ते दाबून तो ट्रॅक कुलूपबंद ठेवावा; त्याहून बरे म्हणजे चित्र आणि बोलणे पक्के होईपर्यंत संगीत टाइमलाइनवर आणूच नये.

वेलांटीचे कारण असे की युनिकोड या संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीमध्ये ‘नि’ हे अक्षर आधी ‘न’ आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवतात आणि वेलांटी डावीकडे नेऊन बसवण्याचे काम अक्षरे रेखाटणाऱ्या यंत्रणेचे असते. काही सॉफ्टवेअरमध्ये ती यंत्रणा देवनागरीसाठी तयार नसते. केडेनलाइव्हच्या शीर्षकांत हा त्रास सहसा होत नाही. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा युनिकोड फाँट मात्र घ्यावा. एवढे करूनही अक्षरे फुटली, तर शीर्षक लिबरऑफिसमध्ये करून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्राच्या रूपात आणावे.

आता बावीस मिनिटांविषयी. आपण बहुधा सगळ्या क्लिपा ओळीने टाइमलाइनवर मांडल्या आणि नको ते काढत गेलात. नवशिका संकलक असेच करतो आणि प्रत्येक क्लिप जीव तोडून टिपलेली असल्यामुळे त्याचा हात कापायला धजत नाही. मी आपल्याला उलटी वाट सुचवतो. लॅपटॉप मिटून ठेवावा आणि भावाची मुलाखत फक्त कानांनी ऐकावी. चाळीस मिनिटांत ज्या वाक्यांपाशी आपण थांबून ऐकले, ती वाक्ये मिनिट-सेकंदासह वहीत लिहून काढावीत आणि त्यांची बेरीज सहा मिनिटांच्या आत ठेवावी. मग रिकाम्या टाइमलाइनवर तेवढेच बोलणे क्रमाने लावावे. ही सहा मिनिटे म्हणजे फिल्मचा कणा झाला. चित्रे त्यावर बसवायची आहेत, आणि ज्या चित्राला बोलण्यात जागा नाही व स्वतःचे काही सांगायचेही नाही, ते आपोआप बाहेर राहते.

क्रेटचे दृश्य असे पाहावे. घडांनी भरलेला क्रेट दोन हातांनी उचलला जातो, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात जातो, काही वेळ आत राहतो, वर येतो, निथळतो आणि घड जाळीवर पसरले जातात. यात नवी गोष्ट कळते ती फक्त तीन ठिकाणी : क्रेट पृष्ठभागाला टेकतो तेव्हा, वर आल्यावर घडांवरची पांढुरकी लव जाऊन मणी चकाकतात तेव्हा, आणि हात घड जाळीवर सोडतात तेव्हा. तिन्ही मिळून बारा-पंधरा सेकंद पुरतात. काप कुठे द्यावा हेही हातांवरूनच ठरते. क्रेट वर उचलण्याची हालचाल अर्ध्यावर असताना कापावे आणि पुढच्या चित्रात घड घेऊन जाळीकडे जाणारे हात आधीच चालत असावेत. हालचालीतून हालचालीत गेलेला काप डोळ्याला दिसत नाही. निथळणाऱ्या द्रावणाचा टपटप आवाज मात्र चित्र बदलल्यावरही दोन सेकंद पुढे चालू ठेवावा. भावाचा आवाजही त्याचा चेहरा दिसण्याच्या थोडा आधी, जाळ्यांच्या चित्रावरच सुरू करून पाहावा.

वाळवणीचे पंधरा दिवस दाखवायला पंधरा चित्रे लागत नाहीत. पहिल्या दिवशीची हिरवी जाळी आणि शेवटच्या दिवशीची सुरकुतलेली जाळी जवळजवळ एकाच जागेवरून टिपलेली असेल, तर ती एकापुढे एक ठेवावीत. मधला काळ पाहणारा स्वतः भरून घेतो. आपल्या साठ्यात अशी जोडी सापडते का, ते सर्वांत आधी शोधावे.

बोटांच्या सरावासाठी एवढेच पुरे : चालू-बंद करायला स्पेसबार, मागे-थांब-पुढे यासाठी जे, के आणि एल, तुकड्याचा आरंभ ठरवायला आय आणि शेवट ठरवायला ओ. बाकीची बटणे गरज पडेल तेव्हा शिकावीत. फिल्म तयार झाली की 1080 च्या आकारात, एच.264 मध्ये, सेकंदाला 8 मेगाबिटच्या दराने बाहेर काढावी. दहा मिनिटांची फाइल साधारण 600 एमबी होईल. ती पेनड्राइव्हवरून बहुतेक टीव्हींवर चालते आणि दूरच्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून न दाबता पाठवता येते.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे सभागृहातले चित्रीकरण मोबाइलवर केले, तर चित्रात काळपट आडवे पट्टे सरकताना दिसतात. संकलनात ते काढता येतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पूर्णपणे काढणे अवघड आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, परंतु मोबाइलचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचत असल्यामुळे काही ओळींच्या वाट्याला कमी प्रकाश येतो आणि त्याचे पट्टे दिसतात. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला, किंवा फ्लिकर (दिव्यांची लुकलुक) टाळण्याच्या सेटिंगमध्ये 50 हर्ट्झ निवडले, तर पट्टे येत नाहीत. टिपून झालेल्या चित्रातले पट्टे डीफ्लिकर नावाच्या परिणामाने फिके होतात. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तो सशुल्क आवृत्तीतच मिळतो. आपल्याजवळ भजनाचा आवाज चांगला आलेला असेल, तर तो तसाच ठेवून जिथे पट्टे फार खटकतात तिथे टाळ, मृदंगावरचे हात आणि वीणा यांची दिवसाच्या उजेडात नव्याने घेतलेली जवळची चित्रे वर बसवावीत. पुढच्या कार्यक्रमापूर्वी सभागृहाचे सगळे दिवे लावून एक मिनिटभर चित्रीकरण करावे आणि ते घरच्या टीव्हीवर लावून पाहावे. मोबाइलच्या लहान पडद्यावर हे पट्टे पुष्कळदा लक्षात येत नाहीत.