मध्यंतरात सुचवलेले पुस्तक

प्रश्न : आम्ही सात शाळामैत्रिणी दरवर्षी एका संस्थेच्या मदतीसाठी होणाऱ्या नाट्यप्रयोगाला देणगी प्रवेशिका घेऊन जातो. मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता ‘हे वाचच’, ‘तो पॉडकास्ट ऐकलास की नाही?’ असे सुरू होते आणि घरी येईपर्यंत फोनमध्ये दहा-बारा नावे जमतात. वर्षभरात त्यांतले एखादेच पाहून किंवा वाचून होते, त्यामुळे पुढच्या वर्षी कोणी विचारले की ओशाळल्यासारखे होते. गेल्या वर्षी मी एका मैत्रिणीला ‘श्वास’ हा चित्रपट सुचवला. तिच्या नातवाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती, हे मला ठाऊक नव्हते. तिने चित्रपट अर्ध्यावर बंद केला आणि यंदा ती माझ्याशी मोकळेपणाने बोलली नाही. माझे काय चुकले?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मैत्रिणीचा प्रश्न अधिक निकडीचा आहे, म्हणून आधी तो घेतो. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’मध्ये कोकणातले आजोबा लहानग्या नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. डोळ्याच्या कर्करोगामुळे जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार, असे त्यांना कळते आणि शस्त्रक्रियेआधी ते त्याला रुग्णालयाबाहेर नेऊन डोळे भरून जग दाखवतात. हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला, तेव्हा तिथल्या प्रसिद्धीच्या खर्चासाठी सामान्य माणसांनीही आपापल्या परीने पैसे दिले होते. तुम्हाला तो सुचवावासा वाटला, यात नवल नाही. मात्र ‘एका मुलाची दृष्टी जाणार असते, त्याची ही गोष्ट आहे’ एवढे एक वाक्य तुम्ही बोलला असता, तर पाहायचे की नाही, हे तुमच्या मैत्रिणीला स्वतः ठरवता आले असते. आजार, मृत्यू किंवा मूल गमावणे हा ज्याचा विषय आहे, असे काहीही सुचवताना तो विषय आधी सांगावा. त्याने कथेतली उत्सुकता थोडी कमी झाली तरी चालेल.

आता त्या मैत्रिणीला निरोप न धाडता फोन करा. आधी नातवाच्या डोळ्यांची चौकशी करा आणि ती काय सांगते ते पूर्ण ऐकून घ्या. ‘मला ठाऊक नव्हतं गं, तुला त्रास झाला याचं मला फार वाईट वाटलं,’ एवढे त्यानंतर म्हटले तरी पुरे. चित्रपट किती चांगला होता, हे त्या फोनवर मुळीच पटवून देऊ नका.

राहिला यादीचा प्रश्न. सातजणींनी सातजणींना एकदम सांगितलेले नाव खरे तर कोणालाच सांगितलेले नसते. चित्रपटाला सलग दोन-अडीच तास लागतात, पुस्तक कित्येक रात्री मागते आणि पॉडकास्ट भाजी निवडताना ऐकता येतो, पण ‘तो पॉडकास्ट ऐक’ म्हटल्यावर शेकडो भागांतला कोणता, हे समोरच्याला कळत नाही. तेव्हा एकच भाग सांगावा, आणि गप्पा लांबलचक असतील तर कितव्या मिनिटापासून ऐकायचे तेही सांगावे. पुस्तक मात्र प्रयोगाला येताना पिशवीतून घेऊनच यावे. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रयोगाच्या मध्यंतरात मित्राने एक पुस्तक माझ्या हातात ठेवले होते. मधल्या एका पानात त्याने बसचे तिकीट घातले होते आणि ‘आज फक्त एवढंच पान वाच’ असे तो म्हणाला होता. परतीच्या लोकलमध्ये दाराजवळ उभ्याने मी ते पान वाचले आणि ठाणे येईपर्यंत पुढची आठ वाचून झाली होती. नुसते नाव सांगितले असते, तर ते माझ्याही फोनमध्ये पडून राहिले असते.

म्हणून पुढच्या वेळी प्रत्येकीने एकीलाच, तिला का आवडेल हे सांगून, एकच गोष्ट सुचवावी. ‘वाचलंस का?’ या प्रश्नाला ‘नाही गं, जमलं नाही’ हे उत्तर निःसंकोच द्यावे.

प्रश्न : मदतीच्या प्रयोगात संस्थेचे कार्यकर्ते पोटतिडकीने बोलतात आणि बाहेर येताच आम्ही मित्र वेब मालिकांच्या गप्पांत रंगतो. हे मला खटकते. मित्रांना तसे सांगावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गप्पा थांबवू नका, त्या संस्थेच्या कामाकडे वळवा. तुमच्याच शहरातले उदाहरण घ्या. लेखक अनिल अवचटांनी ‘गर्द’ या अमली पदार्थाच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी देणगी देऊ केली आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्या लेखांचे पुढे पुस्तक झाले आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ही अवचटांनी स्वतंत्रपणे लिहिली. अशा केंद्रासाठी प्रयोग असेल, तर मध्यंतरात सुचवायला ही दोन पुस्तके आहेत. आपण ज्या कामासाठी तिकीट काढले त्यावर कोणी काय लिहिले आहे, हे प्रयोगाआधी शोधून ठेवा, आणि काहीच सापडले नाही तर बाहेर टेबल मांडून बसलेल्या कार्यकर्त्याला विचारा. संस्थेचा वार्षिक अहवाल बहुधा तिथेच ठेवलेला असतो. त्याच्या दोन प्रती उचला आणि एक मित्राला द्या.