पहिल्या महिन्यात एवढंच कर

दुसरीचा वर्ग एकदम हातात आला की छातीत धडधडतं. वडोदऱ्यात एकवीस वर्षं शिकवल्यावर सांगते, वर्गाला शिस्त लावताना सुरुवातीला मोजकंच धर.

नियम तीनच ठेव आणि करून दाखव. “शिस्तीत राहा” हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही, “बोलायचं असेल तर हात वर” कळतं. रांग लावणं, वह्या जमा करणं याची पहिला आठवडा रोज पाच मिनिटं तालीम घे, पाढ्यांसारखी.

नुसतं “शाब्बास” पुरत नाही. “शेजारच्याला खोडरबर दिलंस, छान केलंस” असं नेमकं आणि लगेच सांग. गुजराती बोलणाऱ्या पोराला “बहु सरस!” म्हण, चेहरा कसा खुलतो बघ. कौतुक हुशारीचं नको, मेहनतीचं कर. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशार म्हणून वाखाणलेली मुलं अपयशानंतर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

नवख्यांच्या हमखास चुका:

- एकाच्या खोडीसाठी सगळ्यांची मधली सुट्टी बंद करणं. मी पहिल्या वर्षी केलं. शांत मुलंच दुखावली, त्यांचा विश्वास परत मिळवायला दिवाळी उजाडली.
- प्रत्येक गोष्टीला चॉकलेट.
- हात उगारणं किंवा “ढ” म्हणून हिणवणं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

चांगल्या वागण्याबद्दल गुणांचे तक्ते, टोकन (साठवून बक्षीस मिळवायचे बिल्ले) वगैरे आत्ता नको. वर्ग ओळखीचा झाला की विचार, तेव्हा सविस्तर सांगेन.