कीथ रिचर्ड्सच्या पाच तारा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सवर लिहिलं होतं, १९४३ चा जन्म आणि १९६२ पासून एकाच बँडमध्ये गिटार, त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं सगळं पान त्यांनाच देतोय.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये दोन गिटार आहेत, लीड कोण घेणार यावरून दर प्रॅक्टिसला वाद होतो आणि शेवटी मलाच रिदमवर बसवतात. रिदम म्हणजे दुय्यमच ना? (एक वाचक, कोल्हापूर)

अजिबात नाही! लीड पुढे येऊन सोलो वाजवते, रिदम मागे गाण्याची लय धरून ठेवते, आणि स्टोन्सचा अख्खा बँड कीथच्या रिदमवर चालतो. एरवी सगळे ड्रमरला धरून वाजवतात, इथे ड्रमर चार्ली वॉट्स कीथला धरून वाजवायचा, त्यांचा बेसिस्ट बिल वायमननेच हे सांगितलंय, आणि त्यातूनच ती किंचित मागेपुढे झुलणारी, आता सुटेल असं वाटून न सुटणारी लय येते. दुसरा गिटारवाला मिक टेलर होता तेव्हा, म्हणजे १९६९ ते ७४, सोलो त्याचे आणि रिदम कीथची अशी बऱ्यापैकी वाटणी होती, फार सुंदर काम आहे ते. पण १९७५ ला त्या जागी रॉनी वुड आला आणि दोघं एकमेकांत असे मिसळून वाजवायला लागले की कुठला सूर कोणाचा ते सांगता येत नाही. कीथ त्याला विणकाम म्हणतो, आणि मला स्वतःला हेच जास्त आवडतं. तुम्ही दोघं एक करा, एक अख्खी प्रॅक्टिस कोणीच सोलो घ्यायचा नाही, समोरचा जिथे जागा सोडतो तिथेच वाजवायचं. त्यासाठी समोरच्याचं ऐकावं लागतं, तुमच्या वादात नेमकं तेच होत नाहीये असं मला वाटतं.

प्रश्न: त्याच्या गिटारला सहावी तार नसते हे खरं का? मी व्हिडिओ बघून त्याच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवतो पण तो आवाज काही येत नाही. (एक वाचक, सांगली)

खरंय, सगळ्या गाण्यांना नाही पण बऱ्याच गाण्यांना. त्या ट्यूनिंगला ओपन जी म्हणतात. पाचवी तार ए वरून जी ला उतरवायची, पहिली ई वरून डी ला, मधल्या तीन आहेत तशाच, आणि सहावी चक्क काढून टाकायची. आता जी ला सा धरा, खालून वर काय मिळतं? सा प सा ग प! नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी तानपुऱ्यासारखा भरलेला सूर उभा राहतो. सहावी ठेवली तर ती डी ला, म्हणजे खालच्या पंचमावर येते आणि सगळ्यात खाली सा राहत नाही, आवाज गढूळ होतो, म्हणून ती काढायची. मग पहिलं बोट आडवं टाकलं की कॉर्ड तयार, उरलेल्या दोन बोटांनी वरचे सूर आतबाहेर करायचे, त्याच्या बहुतेक रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, तिथूनच निघतात. पाच तारांच्या बँजोवर आणि ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतातल्या जुन्या वादकांकडे हे आधीपासून होतंच, कीथने साठच्या दशकाच्या शेवटी उचललं आणि त्यात अमेरिकन गिटारवादक रे कूडरचं नाव तो स्वतः घेतो. तुम्ही साध्या ट्यूनिंगमध्ये वाजवत असाल तर बोटं कितीही बरोबर पडली तरी तो आवाज येणार नाही.

प्रश्न: रिफ सुचायला काय करायचं? तासन् तास बसतो, काहीच येत नाही. (एक वाचक, ठाणे)

कीथ म्हणतो की गाणं आपण बनवत नाही, ते हवेत असतंच, आपण फक्त अँटेना. सॅटिस्फॅक्शन या गाण्याची रिफ त्याला १९६५ मध्ये झोपेत सुचली, उशाशी फिलिप्सचा छोटा कॅसेट रेकॉर्डर होता त्यावर वाजवून तो परत झोपला, सकाळी टेप ऐकली तर थोडीशी गिटार आणि पुढे नुसतं घोरणं. पण मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, त्याच्या मते ती रिफ ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या वाद्यांसाठी होती, आवाज खरखरीत करणारं फझ पेडल लावून गिटारवर वाजवली ती फक्त कल्पना यावी म्हणून, आणि ते तसंच रिलीज व्हावं हे त्याला पटलेलं नव्हतं. बाकीच्यांना ते तयार वाटलं, गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. तेव्हा फोनचा रेकॉर्डर जवळ ठेवा आणि अर्धवट काहीतरी असलं तरी बँडला ऐकवा, एकट्याने बसून ठरवू नका.

प्रश्न: रोलिंग स्टोन्स भारतात कधी आले होते का? (एक वाचक, नागपूर)

हो, एप्रिल २००३, बंगळुरू आणि मुंबई. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो नशा केल्याशिवाय असं संगीत होत नाही, आणि उदाहरण कीथचंच देतो. (एक आई, पुणे)

ताई, त्याला हे वाचायला द्या. १९७७ ला टोरंटोत हेरॉईनसकट पकडला गेला तेव्हा कीथला मोठी जेल होणार अशी वेळ आली होती, बँडच संपणार होता. कोर्टाने शिक्षा स्थगित केली आणि अंधांसाठी कार्यक्रम करायला लावला, तो त्याने १९७९ मध्ये केला. नंतर हेरॉईन सोडून तो चाळीसहून जास्त वर्षं वाजवतोय. आणि रिफ आल्या त्या लहानपणापासून ब्लूजच्या रेकॉर्ड घासून घासून ऐकण्यातून. यात माझं मत ठाम आहे.

प्रश्न: साठ वर्षं एकत्र, भांडले नाहीत का? (एक वाचक, पणजी)

भांडले की, चांगलेच! ऐंशीच्या दशकात बँडचा गायक मिक जॅगर स्वतःच्या सोलो अल्बमकडे वळला, स्टोन्सच्या १९८६ च्या अल्बमनंतर टूर झालीच नाही, तो आणि कीथ एकमेकांबद्दल पेपरात बोलत होते. कीथने १९८८ ला स्वतःचा अल्बम काढला, ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. वर्षभरात दोघं परत एकत्र गाणी लिहायला बसले. ड्रमर चार्ली २०२१ ला वारला, त्याच्या जागी आता तोच जॉर्डन आहे, चार्लीनेच त्याला पसंती दिली होती.

प्रश्न: रिटायर झालोय, गिटार शिकायचीय पण बोटं आखडतात. उशीर झाला का? (एक वाचक, नाशिक)

काका, कीथच्या बोटांना संधिवात आहे, गाठी फोटोतही दिसतात. २०२३ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, तो म्हणाला की त्यामुळे वाजवण्याची पद्धत बदलली आणि त्यातून नवीन काहीतरी सापडतं, त्याच वर्षी स्टोन्सचा नवा अल्बम आला. दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मग दुकानात हलक्या तारांचा सेट मागा, वर सांगितलेलं ओपन जी लावा, एका बोटात कॉर्ड येते, आणि रोज थोडंच वाजवा.